पोलिओ शोधणारी माणसे आणि त्यांचा पगार

काजू पिकू लागला, की सत्तरीतील गावांत एका तापाचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागते. माकडताप. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोव्यातही असल्याचे २०१५ साली निश्चित झाले. बागायतीत काजू वेचणाऱ्या माणसाला गोचीड चावते, काही दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग ठणकते, डोके असह्य दुखते. एवढ्या लक्षणांवरून डॉक्टरने काय ओळखावे? डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, यांपैकी काहीही असू शकते. माकडतापाची शंका कोणाला तरी यावी लागते, रक्ताचा नमुना नीट थंड ठेवून योग्य प्रयोगशाळेत जावा लागतो, आणि तिथे हा विषाणू ओळखण्याचे साधन व ते चालवणारा माणूस असावा लागतो.

त्या काळात गोव्यातील असे नमुने मणिपालच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासले जात. याच केंद्राने २०१४ पासून काही वर्षे गोव्यासह दहा राज्यांतील इस्पितळांत तापाच्या रुग्णांची मोठी पाहणी चालवली होती. तिचा खर्च अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राकडून येत होता. म्हणजे वाळपईच्या आसपासच्या एखाद्या बागायतदाराला नेमका कोणता ताप आला आहे, हे शोधण्याच्या व्यवस्थेत अटलांटातील एका कार्यालयाच्या अंदाजपत्रकाचा काही वाटा होता. यात लाजण्यासारखे काही नाही. पण तो निधी थांबला, तर ते काम कोणी करायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढील काही महिन्यांत परदेशांना मदत देणारी ‘यूएसएड’ ही आपली संस्था गुंडाळली. वृत्तसंस्थांकडून त्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही त्या आंतरराष्ट्रीय पानावर घेतल्या आणि जागेअभावी कापल्याही. कापताना जो मजकूर सर्वात आधी जातो, तो बहुधा शेवटच्या परिच्छेदांतला असतो: या पैशांतून कोणाचे पगार होत होते, ती माणसे काय करीत होती. प्रस्तुत लेख त्या कापलेल्या परिच्छेदांविषयी आहे. त्यासाठी भारतातील सर्वात मोठे आणि सर्वात यशस्वी उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. ते म्हणजे पोलिओचे.

पल्स पोलिओ म्हटले की आपल्याला रविवारचा बूथ, दोन थेंब आणि करंगळीवरची शाई आठवते. देशव्यापी मोहीम १९९५ साली सुरू झाली. एकेका फेरीत सुमारे २३ लाख लसटोचक नव्हे, लस पाजणारे कार्यकर्ते बाहेर पडत आणि जवळजवळ १७ कोटी मुलांपर्यंत पोहोचत. हे आकडे भव्य आहेत आणि ते अनेकदा सांगितले गेले आहेत. त्यांच्यामागे आणखी एक लहानसे जाळे होते. त्याच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही.

१९९७ साली केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. या प्रकल्पाने देशभर सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी नेमले. हे सारे भारतीय डॉक्टर होते. भरात असताना त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली होती. एकेकाकडे एक किंवा अधिक जिल्हे असत. पगार जागतिक आरोग्य संघटनेमार्फत होई, आणि त्यासाठीचा पैसा बऱ्याच अंशी अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क यांसारख्या देशांकडून येई. अधिकाऱ्याला एक वाहन मिळे, चालक मिळे, संगणक व दूरध्वनी मिळे, हाताशी एखादा साहाय्यक मिळे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या यादीत ‘वाहन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची जीप कधी मंत्र्यांच्या दौऱ्याला, कधी निवडणुकीला, कधी कुटुंबनियोजनाच्या शिबिराला जाते, आणि डिझेलचे बिल मंजूर होईपर्यंत अंगणात उभी राहते. लुळ्या पडलेल्या मुलाच्या शौचाचा नमुना मात्र वाट पाहत नाही.

हे नमुन्याचे काम नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. पोलिओचा विषाणू शरीरात शिरलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना, दोनशेत एखाद्यालाच, लुळेपणा येतो. बाकीची मुले धडधाकट दिसतात आणि विषाणू पसरवीत राहतात. म्हणून एक लुळे मूल दिसले, तर त्याच्यामागे शेकडो संसर्ग दडलेले असतात. दुसरे असे, की मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडण्याची कारणे अनेक आहेत. पाहून पोलिओ ओळखता येत नाही. तेव्हा नियम ठरला: पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, की कारण काहीही वाटो, ते कळवायचे. ४८ तासांत अधिकाऱ्याने जाऊन मूल पाहायचे. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि ६० दिवसांनी पुन्हा त्या मुलाच्या घरी जाऊन लुळेपणा उरला आहे का ते पाहायचे.

हे मूल कोण कळवणार? सरकारी इस्पितळ कळवील हे खरे, पण ग्रामीण भागात लुळ्या पडलेल्या मुलाला आईबाप प्रथम इस्पितळात नेतातच असे नाही. कोणी हाडवैद्याकडे नेते, कोणी मांत्रिकाकडे, कोणी नवस बोललेल्या देवस्थानी. म्हणून सर्वेक्षण अधिकाऱ्याचे बरेचसे काम डॉक्टरकीपेक्षा ओळखीपाळखीचे असे. तालुक्यातले खासगी बालरोगतज्ज्ञ, पदवी असलेले-नसलेले वैद्य, मालिश करणारे, मौलवी, पुजारी, या सर्वांपर्यंत तो पोहोचलेला असे. त्यांतील कोण आळशी, कोण भिडस्त, कोणाला चहा पाजला की बोलता होतो, हे त्याला ठाऊक असे. ही माहिती जिनीव्हाहून आलेल्या तज्ज्ञाला कितीही पगार दिला तरी मिळणारी नव्हती. ‘स्थानिक तज्ज्ञ’ या शब्दांचा अर्थ इथे लागतो. भाषा येते एवढ्यापुरता तो स्थानिक नव्हे. त्याला आपला जिल्हा माणसांनिशी माहीत असतो.

या व्यवस्थेतली मला सर्वात विचारपूर्वक वाटणारी गोष्ट म्हणजे निरंक अहवाल. ठरलेल्या प्रत्येक केंद्राने दर आठवड्याला कळवायचे, की या आठवड्यात लुळेपणाचे मूल आले किंवा आले नाही. ‘आले नाही’ हेही लेखी कळवायचे. कारण कागद न येणे आणि रोग नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या सरकारी कारभारात त्या नेहमी एकच मानल्या जातात. पुढे जाऊन त्यांनी या शांततेचेही माप ठरवले. पोलिओ नसला तरी अन्य कारणांनी काही मुलांना लुळेपणा येतोच. पंधरा वर्षांखालील एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक, पुढे किमान दोन, असे पोलिओविरहित रुग्ण सापडलेच पाहिजेत. एखाद्या जिल्ह्यात तेवढेही सापडले नाहीत, तर तो जिल्हा निरोगी ठरत नसे. तिथे नीट शोध होत नाही, असा अर्थ लावला जाई आणि अधिकाऱ्याला जाब विचारला जाई.

महाराष्ट्राचा यात मोलाचा वाटा आहे. मुंबईत परळला हाफकिनच्या आवारात असलेले आंत्रविषाणू संशोधन केंद्र हे या जाळ्याचे एक प्रमुख केंद्र. सापडलेला विषाणू कोणत्या कुळातला, तो कोठून आला, हे जनुकीय तपासणीने तिथे सांगितले जाई. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुनेही तपासले जाऊ लागले. मुंबईत एकही मूल लुळे पडलेले नसताना गटारात विषाणू सापडे, आणि त्याचे नाते उत्तर प्रदेश किंवा बिहारमधील विषाणूशी निघे. मजुरांच्या रेल्वेप्रवासाचा नकाशाच जणू सांडपाण्यातून उमटे.

आता या पगारी माणसांनी नेमके काय साधले, ते पाहू. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. लस पाजली जात होती, फेऱ्यांवर फेऱ्या होत होत्या, तरी रोग हटत नव्हता. अफवा हे कारण सांगितले गेले, विशिष्ट समाजाकडे बोट दाखवले गेले. अफवा होत्याच, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी युनिसेफने त्याच वस्त्यांतील हजारो स्त्रियांना कामाला लावून घरोघरी बोलणी सुरू केली. परंतु दुसरे कारण या अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदींतून निघाले. कोणत्या मुलाला किती मात्रा मिळाल्या होत्या आणि तरी त्याला रोग झाला का, याचा हिशेब मांडल्यावर दिसले, की त्या वेळी वापरात असलेल्या तिहेरी लसीच्या एका मात्रेचा प्रथम प्रकारच्या विषाणूविरुद्धचा प्रभाव उत्तर प्रदेशात जेमतेम नऊ टक्के आहे. अन्यत्र तो याच्या दुपटीहून अधिक होता. दाट वस्ती, उघडी गटारे, मुलांना वारंवार होणारे जुलाब यांनी लस आतड्यात टिकत नव्हती. म्हणजे आईबापांनी मुलांना लस दिली होती आणि तरीही रोग होत होता. दोष त्यांच्यावर टाकला जात होता.

या हिशेबातून पुढले निर्णय झाले. २००५ मध्ये एकाच प्रकारच्या विषाणूवरची लस आली, २०१० च्या जानेवारीत दुहेरी लस आली. पोलिओ ठाण मांडून बसलेले उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ तालुके निवडून तिथे लसीबरोबर पाणी, शौचालये आणि जुलाबावरचे उपचार यांवरही भर देण्यात आला. कोसी नदीच्या पात्रातील वस्त्या पूर ओसरल्यावर जागा बदलत. त्यांचे नकाशे पुन्हा पुन्हा काढले गेले. वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, रेल्वेचे फलाट येथे फिरती पथके उभी राहिली. २००९ साली ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एक. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातील त्या लहान मुलीला १३ जानेवारी २०११ रोजी लुळेपणा आला. तिच्यानंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

यशाची ही गोष्ट इथे थांबवली, तर ती अर्धवट राहील. या व्यवस्थेवर आक्षेप होते आणि त्यांतले काही मला पटतात. एकाच इमारतीत दोन डॉक्टर बसतात. एकाचा पगार आंतरराष्ट्रीय संस्था देते, दुसऱ्याचा राज्य सरकार. पहिल्याला गाडी आहे, दुसऱ्याला नाही. पहिल्याचा अहवाल थेट दिल्लीला जातो, दुसऱ्याचा जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावर पडून राहतो. यातून मत्सर वाढतो, आणि सरकारी सेवेतील हुशार डॉक्टर तिकडे ओढला जातो ते वेगळेच. शिवाय पोलिओच्या फेऱ्यांत गुंतलेल्या कित्येक जिल्ह्यांत गोवराची, घटसर्पाची नेहमीची लस मागे पडली होती. परका पैसा ज्या रोगासाठी येतो, त्याच रोगाकडे सारी यंत्रणा वळते. जिल्ह्याला अधिक पीडणारा रोग दुसराच असला, तरी त्याच्यासाठी गाडी मिळत नाही.

पण याला उत्तर म्हणून अशी माणसे नेमूच नयेत, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांच्या हाती दुसरे काम देणे हे उत्तर अधिक शहाणपणाचे होते आणि भारताने काही प्रमाणात तेच केले. लुळेपणा शोधणाऱ्या याच जाळ्याला पुढे गोवर-रुबेला शोधण्याचे, नियमित लसीकरण तपासण्याचे काम देण्यात आले. प्रकल्पाच्या नावातला ‘पोलिओ’ जाऊन तिथे ‘सार्वजनिक आरोग्य’ आले. क्षयरोगाच्या कार्यक्रमातही, नव्वदीच्या दशकाअखेरपासून, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत भारतीय डॉक्टर सल्लागार म्हणून राज्याराज्यांत नेमले गेले. सुधारित क्षयरोग कार्यक्रम २००६ च्या मार्चपर्यंत देशभर पोहोचला. त्या विस्तारात या सल्लागारांनी प्रयोगशाळा तपासल्या, औषधांचा साठा मोजला, जिल्हा अधिकाऱ्यांना शिकवले.

माणसे घडवण्याचा आणखी एक मार्ग आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ साली, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकी केंद्राच्या साहाय्याने २०१२ साली, सेवेतील डॉक्टरांना दोन वर्षे प्रत्यक्ष साथीत नेऊन शिकवणारे अभ्यासक्रम सुरू केले. बिहारमधील मुझफ्फरपूरला उन्हाळ्यात मुले झटके येऊन दगावत. अनेक वर्षे तो मेंदूज्वर समजला जाई आणि विषाणू शोधला जाई. २०१४ च्या हंगामात ३९० मुले दाखल झाली, त्यांतली १२२ मरण पावली. दिल्लीचे केंद्र आणि अमेरिकी केंद्र यांनी मिळून तपास केला. तपास करणाऱ्यांनी घराघरांत विचारले, की मूल आदल्या संध्याकाळी जेवले होते का. उपाशीपोटी खाल्लेल्या लिचीतील घटकांमुळे रक्तातली साखर एकदम घसरते, हे त्या तपासात पुढे आले. तो संसर्ग नव्हताच. संध्याकाळी मुलांना जेवू घाला आणि आजारी मुलाची साखर तत्काळ तपासा, हा सल्ला फुकटात देता आला. तो सुचण्यासाठी मात्र काही जणांना दोन वर्षे पगार देऊन शिकवावे लागले होते.

गोव्यात याचे वेगळे उदाहरण आहे. १९८६ साली पणजीत मलेरियाची साथ आली आणि पुढील वर्षांत ती किनारपट्टीकडे पसरली. बांधकामांवर साठवलेले पाणी, छतांवरच्या टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी यांत वाढणारा शहरी डास तिच्यामागे होता. मलेरियावरील केंद्रीय संशोधन संस्थेने गोव्यात आपले क्षेत्रीय केंद्र थाटले आणि तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे इथेच राहिले. कांदोळी-कळंगुटच्या टाक्यांत आणि विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासे व अळ्या मारणारे जिवाणू यांचे प्रयोग झाले. परराज्यातून येणाऱ्या बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र यांना कायद्याचा आधार मिळाला. हा पैसा परका नव्हता, केंद्राचा होता. आणि माणसे एका जागी टिकली. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीहून अधिक आहे. पणजीतील कोणत्या गल्लीत कोणती विहीर आहे, हे बदली होऊन आलेल्याला कळायला दोन पावसाळे जातात.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा अडते ते अंदाजपत्रकातील रकान्यात. इमारत, यंत्र, रुग्णवाहिका यांवरचा खर्च एकदाच करायचा असतो, दिसतो, आणि त्याची फीत कापता येते. साथरोगतज्ज्ञाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि साथ आली नाही तर तो माणूस काय करीत होता, हेही कोणाला दिसत नाही. २०२१ साली केंद्राने आरोग्याच्या पायाभूत सुविधांसाठी सहा वर्षांत ६४,१८० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत प्रयोगशाळा आहेत, तालुका पातळीवरील आरोग्य कक्ष आहेत. त्या आवश्यकच आहेत. पण एकात्मिक रोग सर्वेक्षणासाठी नेमलेली बरीच माणसे आजही राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर आहेत. तो खर्च केंद्र आणि बहुतेक राज्ये ६०:४० या प्रमाणात उचलतात. कंत्राट संपत आले, की माणूस दुसरीकडे अर्ज करू लागतो. तो गेला, की त्याच्याबरोबर त्याच्या खिशातली हाडवैद्यांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या दूरध्वनी क्रमांकांची वहीही जाते.

परदेशी निधी आटल्यावर ही पदे राज्यांनी आपल्या खर्चात घ्यावीत, असे कागदावर सोपे वाटते. ती घेताना काय टिकवायचे, ते आधी ठरवायला हवे. फक्त पद घेतले आणि वाहन, जागेवर राहण्याचा किमान काळ, व वाईट बातमी थेट वर कळवण्याची मुभा काढून घेतली, तर हाती नुसता हुद्दा उरेल. पोलिओच्या अधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्यातील ढिलाईबद्दल लिहिता येत असे, कारण त्याची बदली त्या जिल्ह्याच्या हाती नव्हती. राज्याच्या नोकरीत गेल्यावर ही मुभा त्याला कोण देणार, याचे उत्तर मला कोणत्याही योजनेत सापडलेले नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मेघालयाच्या पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात दोन वर्षांच्या एका मुलाला लुळेपणा आला. तपासणीत लसीतूनच उत्पन्न झालेला पोलिओचा विषाणू निघाला. नैसर्गिक पोलिओ नव्हे. देश पोलिओमुक्त घोषित होऊन दहा वर्षे उलटली होती. तरीही डोंगराळ भागातल्या त्या मुलाच्या शौचाचे नमुने कोणीतरी घेतले, बर्फात ठेवले आणि पाठवले.